‘हेडोनिझम’ला मराठीत काय म्हणावं: सुखवाद, भोगवाद की चार्वाकमत?

प्रश्न असा आहे: ‘हेडोनिझम’ या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो आला कुठून, आणि मराठीत लिहिताना त्याला सुखवाद म्हणावं, भोगवाद म्हणावं की सरळ चार्वाकमत म्हणून मोकळं व्हावं?

आधी थेट उत्तर. तत्त्वज्ञानाबद्दल लिहीत असाल तर ‘सुखवाद’. खर्चिक, मौजमजेच्या राहणीबद्दल लिहीत असाल तर ‘भोगवाद’ किंवा ‘चंगळवाद’. ‘चार्वाकमत’ मात्र प्रतिशब्द म्हणून वापरू नये. ते एका विशिष्ट भारतीय दर्शनाचं नाव आहे आणि सुखाचा विचार हा त्या दर्शनाचा एक भाग आहे, सगळं दर्शन नव्हे.

हेडोनिझमचा तात्त्विक दावा असा: स्वतःखातर चांगली अशी गोष्ट एकच, सुख, आणि स्वतःमुळेच वाईट अशीही एकच, दुःख. पैसा, आरोग्य, विद्या, मैत्री, अगदी सद्गुणसुद्धा, यांचं मोल त्यांतून सुख मिळतं किंवा दुःख टळतं तेवढ्यापुरतंच. या दाव्यात ‘खा, प्या, मजा करा’ कुठेही नाही. सुख कशात मिळतं हा पुढचा आणि वेगळा प्रश्न आहे. त्याची उत्तरं सुखवाद्यांनी इतकी वेगवेगळी दिली आहेत की एकाची पंगत दुसऱ्याला उपवासासारखी वाटावी. शब्दाबद्दलचा बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होतो.

आता व्युत्पत्ती. ग्रीकमध्ये ‘हेडोने’ म्हणजे सुख, आनंददायक संवेदना. त्याला मताचं किंवा पंथाचं नाव करणारा ‘इझम’ हा प्रत्यय लागला. ‘हेडोने’ ज्या कुटुंबातला आहे त्या कुटुंबातलं विशेषण ‘हेडुस’, म्हणजे गोड, रुचकर, सुखद. हा ‘हेडुस’ आणि संस्कृत ‘स्वादु’ हे सख्खे भाऊ आहेत. केवळ कानाला सारखे वाटतात म्हणून नव्हे. ध्वनिबदलाच्या नियमाने तसं सिद्ध होतं.

संस्कृत आणि ग्रीक ज्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला शब्दारंभीचा ‘स’ ग्रीकमध्ये स्वरापूर्वी ‘ह’ झाला. सप्त आणि हेप्टा, सम आणि होमोस (होमिओपॅथीतला ‘होमिओ’ याच घरातला), अर्धा या अर्थाचा सामि आणि हेमि. सर्प आणि ‘हेर्पो’, म्हणजे सरपटणं, हीही तशीच जोडी. याच ‘हेर्पो’पासून हर्पीस हा रोगाचा शब्द आला, आणि त्यातल्या हर्पीस झोस्टरला आपण मराठीत ‘नागीण’ म्हणतो. इराणी भाषांतही ‘स’चा ‘ह’ झाला, त्यामुळे सिंधूचा हिंदू आपल्या परिचयाचा आहे. ग्रीकमधला बदल त्याच्याशी संबंध नसताना स्वतंत्रपणे घडला. ‘स्वादु’मधला ‘स्व’ ग्रीकमध्ये आधी ‘ह्व’ झाला आणि मग त्यातला ‘व’ गळला. ग्रीकच्या डोरिक बोलीत ‘हादुस’ असा दीर्घ आकार टिकून राहिला. अथेन्सच्या बोलीत त्या ‘आ’चा ‘ए’ झाला, म्हणून ‘हेडुस’. ‘स्वाद’ मधला आकार आणि ‘हेडोने’ मधला एकार यांतला फरक एवढाच आहे.

तर-तमभावाची रूपं पाहिली की उरलीसुरली शंका जाते. संस्कृतात स्वादुचं तमभावी रूप ‘स्वादिष्ठ’, ग्रीकमध्ये हेडुसचं ‘हेडिस्टोस’. प्रत्ययसुद्धा एकच. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलाची पहिली ऋचा ‘स्वादिष्ठया मदिष्ठया’ अशी सुरू होते. तिथे सोमाच्या धारेला सर्वांत गोड, सर्वांत मादक म्हटलं आहे. हा ‘इष्ठ’ ज्येष्ठ, श्रेष्ठ, कनिष्ठ यांतलाच. मराठीत आपण ‘स्वादिष्ट’ असा ‘ट’ने लिहितो आणि ‘फारच स्वादिष्ट’ म्हणतो, त्यामुळे त्यातला ‘सर्वांत’ हा अर्थ आता कुणाला जाणवत नाही. लॅटिनमधला ‘सुआविस’ आणि इंग्रजीतला ‘स्वीट’ हेही याच धातूचे. मन वळवणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद ‘सुआदेओ’ही इथलंच: एखादी गोष्ट समोरच्याला गोड वाटेल अशी करणं.

तेव्हा शब्दाचं मूळ जिभेवर आहे. चव, मग चवीचं सुख, मग कुठलंही सुख. मराठीत ‘गोडी’ हा शब्द याच वाटेने गेला आहे. उसाची गोडी असते, अभ्यासाची गोडी लागते, संसारात गोडी उरत नाही. ग्रीक माणसाला ‘हेडुस’ शब्दात जे ऐकू येत होतं ते मराठी माणसाला ‘सुख’पेक्षा ‘गोडी’त जास्त जवळून ऐकू येईल. पारिभाषिक शब्द म्हणून ‘गोडीवाद’ चालणार नाही हे उघड आहे. पण समजावून सांगताना वर्गात हाच शब्द वापरावा.

‘सुख’ शब्दाची घडण पूर्णपणे वेगळी आहे, म्हणून ‘सुख’ आणि ‘हेडोने’ यांचं नातं जोडायला जाऊ नये. पारंपरिक विग्रह सु + ख. ‘ख’ म्हणजे पोकळी, भोक. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचं विशेषण म्हणून येतं: ज्याच्या चाकाच्या तुंब्यातलं, आस बसण्याचं भोक नीट पाडलेलं आहे असा, म्हणजे सहज चालणारा रथ. भोक वेडंवाकडं असलं, वंगण नसलं तर गाडी करकरते, बैल ओढून दमतात आणि बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात. ते दुः + ख. काही भाषाशास्त्रज्ञ या शब्दांचा उगम ‘सु-स्थ’ आणि ‘दुः-स्थ’ यांच्या प्राकृत रूपांत शोधतात, आणि तेही विचार करण्यासारखं आहे. दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी ‘सुख’मध्ये सुरळीतपणा मुळापासून आहे आणि ‘हेडोने’मध्ये चव. एकात अडथळ्याचा अभाव, दुसऱ्यात गोडव्याचा भाव. गंमत म्हणजे ग्रीक सुखवाद्यांचं आपसातलं मोठं भांडण नेमकं याच फरकावर झालं.

पहिला पक्ष सायरीनचा. आजच्या लिबियात असलेली ही ग्रीक वसाहत. तिथला अरिस्टिपस, सॉक्रेटिसच्या भोवतालच्या मंडळींपैकी एक, साधारण इ.स.पू. ४३५ ते ३५६. त्याची विद्या त्याच्या मुलीकडे, अरेटेकडे गेली, आणि तिने ती आपल्या मुलाला दिली. म्हणून त्या धाकट्या अरिस्टिपसला ‘आईने शिकवलेला’ असंच उपपद मिळालं. या पंथाचं म्हणणं असं की सुख म्हणजे शरीर-मनातली मऊ हालचाल, दुःख म्हणजे खरबरीत हालचाल, आणि दोन्ही नसणं म्हणजे झोपलेल्या माणसाची अवस्था. तिला सुख म्हणू नये. सुख आत्ताचं असतं. आठवलेलं किंवा अपेक्षेतलं सुख ही सावली. तरीही अरिस्टिपस सुखाचा गुलाम नव्हता. लाइस या गणिकेबद्दल कुणी टोकलं तेव्हा ‘ती माझ्याकडे आहे, मी तिच्या ताब्यात नाही’ असं उत्तर त्याने दिल्याचं परंपरा सांगते. याच पंथात पुढे हेगेसियस झाला. सुखाचा हिशोब त्याने इतका काटेकोर मांडला की जमेपेक्षा खर्चच जास्त निघतो, या निष्कर्षावर तो पोचला. त्याला ‘मरणाला राजी करणारा’ असं नाव पडलं, आणि राजा टॉलेमीने त्याची व्याख्यानं बंद पाडली असं सिसेरो लिहून ठेवतो. फक्त जमाखर्च धरला की काय होतं हे दाखवणारं याहून ठळक उदाहरण नाही. तुकोबांचा ‘सुख पाहतां जवापाडे, दुःख पर्वताएवढे’ हा हिशोबही तोच. पण तुकोबा त्यातून विठोबाकडे वळले आणि हेगेसियसला वळायला जागाच नव्हती.

दुसरा पक्ष एपिक्युरसचा. इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्म, इ.स.पू. ३०६ च्या सुमाराला अथेन्समध्ये बागेतली शाळा, २७० मध्ये मृत्यू. त्याचा मुद्दा असा: सगळ्या वेदना गेल्या की सुखाची सीमा गाठली. त्यापुढे सुख वाढत नाही, फक्त बदलत राहतं. तहानेचं उदाहरण घ्या. पाणी पिताना मिळतं ते हालचालीचं सुख. तहान भागल्यावर जी स्वस्थता असते ते स्थिर सुख, आणि मोठं तेच. शरीराला वेदना नसणं याला त्याने ‘अपोनिया’ म्हटलं, मनाला खळबळ नसणं याला ‘अटारॅक्सिया’. सायरीनवाले ज्याला झोपलेल्याची अवस्था म्हणून बाद करत होते, तेच एपिक्युरसने सुखाचं शिखर ठरवलं. चाकाच्या तुंब्यातून निघालेल्या आपल्या ‘सुख’ला हा पक्ष अधिक जवळचा आहे.

त्याची इच्छांची वर्गवारी आजही हाताशी ठेवावी अशी आहे. काही इच्छा नैसर्गिक आणि आवश्यक: तहानेला पाणी. काही नैसर्गिक पण अनावश्यक: भूक भागवायला महागडे पदार्थ. आणि काही नैसर्गिकही नाहीत, आवश्यकही नाहीत: प्राचीन टीपकाराने इथे मुकुट आणि स्वतःचे पुतळे उभारले जाणं ही उदाहरणं दिली आहेत. पहिल्या प्रकारच्या इच्छांना मर्यादा असते, त्या स्वस्तात भागतात. तिसऱ्या प्रकाराला तळच नसतो. एपिक्युरसचं स्वतःचं जेवण भाकरी-पाण्याचं होतं. एका मित्राला त्याने चीजचं एक छोटं भांडं पाठवायला सांगितलं, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. मेनोइकेयसला लिहिलेल्या पत्रात तो स्पष्ट सांगतो की सुख हे ध्येय आहे असं आपण म्हणतो तेव्हा दारूच्या बैठका किंवा मासळीने भरलेली ताटं अभिप्रेत नसतात; काय निवडायचं आणि काय टाळायचं याचा शांत डोक्याने केलेला विचार अभिप्रेत असतो. या माणसाच्या नावावरून पुढे खवय्यांना ‘एपिक्युअर’ म्हणू लागले. विरोधकांनी केलेली बदनामी शब्दात कशी गोठते ते पाहा. ‘हेडोनिझम’लाही व्यवहारात तोच रंग चढला, आणि आजच्या ग्रीकमध्ये तर ‘हेडोने’ शब्दाचा (उच्चार आता ‘इधोनी’) रोख मुख्यतः शारीरिक, लैंगिक सुखाकडे असतो. म्हणून आधुनिक ग्रीक शब्दकोशातला अर्थ प्राचीन ग्रंथाला लावू नये. ही चूक इंटरनेटवर सर्रास होते.

प्राचीन ग्रीकांनी ‘हेडोनिझम’ हा शब्द वापरला नाही. ते सायरीनवाले, बागवाले अशी पंथांची नावं घेत. सगळ्या सुखकेंद्री मतांना एकच नाव देण्याची पद्धत आणि हा इंग्रजी शब्द एकोणिसाव्या शतकातले. मधल्या काळात जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुख मोजण्याची सात परिमाणं दिली: तीव्रता, कालावधी, निश्चितता, नजीकपणा, सुपीकता म्हणजे त्यातून आणखी तशाच सुखाची शक्यता, शुद्धता म्हणजे मागोमाग दुःख न येण्याची शक्यता, आणि व्याप्ती म्हणजे किती जणांपर्यंत पोचेल. पहिली सहा एका माणसाच्या सुखाची, सातवी समाजाची. सुखवादाचा उपयुक्ततावाद, म्हणजे जास्तीत जास्त लोकांचं सुख पाहावं हे मत, होतो तो या सातव्या परिमाणामुळे. जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये त्यात प्रतीचा भेद आणला: सगळी सुखं एका मापाची नाहीत, काही उच्च दर्जाची. पण उच्च-नीच ठरवणारी कसोटी सुखाव्यतिरिक्त दुसरी काही असेल, तर आपण सुखवादी राहिलो का? ही शंका रास्त आहे आणि मिलला तिचं पुरेसं उत्तर देता आलं नाही असं माझं मत आहे.

हेन्री सिज्विकने १८७४ च्या ग्रंथात जे भेद पक्के केले ते अभ्यासकाने पाठच करावेत, कारण इथेच जास्त घसरायला होतं. माणसं सुखासाठीच वागतात, हे वस्तुस्थितीबद्दलचं विधान. हा मानसशास्त्रीय सुखवाद. माणसाने सुखासाठी वागावं, हे कर्तव्याबद्दलचं विधान. हा नैतिक सुखवाद. नैतिक सुखवादाचेही दोन फाटे: आपापलं सुख पाहावं, किंवा सर्वांचं मिळून पाहावं. मानसशास्त्रीय सुखवादावरून नैतिक सुखवाद आपोआप निघत नाही. उलट, माणूस सुखाखेरीज काही करूच शकत नसेल तर ‘सुखासाठी वाग’ या उपदेशाला अर्थ काय? बेंथमने तर ग्रंथाच्या सुरुवातीलाच ही दोन्ही विधानं एका दमात केली: सुख आणि दुःख हे दोन सार्वभौम धनी, आपण काय करावं हेही तेच दाखवतात आणि आपण काय करणार हेही तेच ठरवतात. परीक्षेत उतारा आला तर हे दोन तुकडे वेगळे काढून दाखवावेत. सिज्विकने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं: सुखाचाच पाठलाग केला तर सुख निसटतं. गाणं ऐकताना ‘मला किती आनंद होतोय’ हे तपासत बसलात की गाणं हातचं जातं. सुखवादाचा विरोधाभास म्हणतात तो हा. सुखाव्यतिरिक्तही आपल्याला काही हवं असतं हे दाखवायला रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये एक कल्पित यंत्र मांडलं: मेंदूला जोडलं की हवे ते अनुभव खरे वाटावेत असे मिळतील. अनुभव हेच सर्वस्व असेल तर यंत्राला जोडून घ्यायला हरकत नसावी. पण बहुतेक जण कचरतात, कारण आपल्याला गोष्टी करायच्या असतात, नुसत्या केल्यासारख्या वाटून भागत नाही.

आता चार्वाक. ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ हा चरण मराठीत इतका रुळला आहे की कर्ज काढून फिरायला गेलेल्या शेजाऱ्यालाही तो लावला जातो. तो आपल्यापर्यंत पोचला मुख्यतः चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून, म्हणजे वेदांती लेखकाच्या, विरोधकाच्या हातून. त्याच ग्रंथात त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला श्लोकाचं दुसरं रूप आहे: ‘यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः’, जिवंत असेपर्यंत सुखाने जगावं, मृत्यूच्या नजरेतून कोणी सुटत नाही. इथे कर्जही नाही आणि तूपही नाही. ‘भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः’ ही पुढची ओळ दोन्हीकडे सारखीच. रामकृष्ण भट्टाचार्य यांनी चार्वाकांविषयीच्या अवतरणांचा बारकाईने अभ्यास करून तुपाचं रूप हे नंतरचं विकृतीकरण ठरवलं आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. चार्वाकांचे मूळ ग्रंथ लुप्त आहेत, उरले ते इतरांनी खंडनासाठी उद्धृत केलेले तुकडे. तेव्हा थट्टेच्या चरणावर अख्खं दर्शन उभं करू नये.

त्या दर्शनाचा कणा ज्ञानविषयक आहे: प्रत्यक्ष हेच प्रमाण. मग चार भूतं, आणि किण्वातून, म्हणजे आंबवणाऱ्या द्रव्यातून, मद्याची नशा उपजावी तशी भूतांच्या मिश्रणातून उपजणारी जाणीव. परलोक नाही, म्हणून इथलं सुख. सुखवाद हे शेवटचं पाऊल आहे. ‘लोकायत’ हे त्याचं दुसरं नाव आणि कौटिल्य आन्वीक्षिकीत, म्हणजे तर्कविद्येत, सांख्य-योगांबरोबर ते आदराने मोजतो. ‘चार्वाक’ची व्युत्पत्ती कोणी ‘चारु वाक्’, गोड बोलणारा, अशी करतात, तर कोणी ‘चर्व्’, चावणे, या धातूपासून. दोन्ही व्युत्पत्त्यांत करणाऱ्याचा रागलोभ दिसतो, म्हणून कुठलीच छातीठोकपणे सांगू नये.

सुखाबद्दलचा चार्वाकांचा खरा युक्तिवाद तुपाच्या चरणात नाही, तो तांदळाच्या श्लोकात आहे. सुखात दुःख मिसळलेलं असतं म्हणून सुख सोडावं, असं वैराग्यवादी म्हणतात. चार्वाक म्हणतो, हा मूर्खांचा विचार. पांढऱ्याशुभ्र तांदळांनी भरलेली साळ केवळ तुसात लपेटलेली आहे म्हणून कोणता शहाणा टाकून देईल? मासे खाणारा खवल्या-काट्यांसकट मासे आणतो आणि खायचा तेवढा भाग खातो. हरणं येतात म्हणून कोणी साळी पेरायच्या थांबवत नाही, भिकारी येतात म्हणून कोणी चुलीवर भांडं चढवायचं राहत नाही. कोकणात भात कांडलेल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको: कोंडा-तूस पाखडून टाकायचं, तांदूळ ठेवायचे.

कामसूत्रात लौकायतिकांच्या तोंडी आणखी दोन वाक्यं आहेत: उद्याच्या मोरापेक्षा आजचं कबूतर बरं, संशयित निष्कापेक्षा खात्रीचा कार्षापण बरा. निष्क म्हणजे सोन्याचं मोठं नाणं, कार्षापण हलकं. ही दोन वाक्यं बेंथमच्या यादीसमोर ठेवून पाहा. कबूतर म्हणजे नजीकपणा, कार्षापण म्हणजे निश्चितता, आणि तुसाचा श्लोक म्हणजे शुद्धतेच्या अटीला दिलेलं उत्तर. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं म्हणायला आधार नाही. सुख मोजायला बसलं की कुणालाही याच खणांत सामान लावावं लागतं.

मराठीत या विषयाची परिभाषा नीट बसली त्यात टिळकांचा वाटा मोठा आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चं चौथं प्रकरण ‘आधिभौतिक सुखवाद’ आणि पाचवं ‘सुखदुःखविवेक’. टिळक सुखवादाचे विरोधक. पण निव्वळ स्वार्थापासून दूरदर्शी स्वार्थापर्यंत आणि तिथून पुष्कळांच्या सुखापर्यंत एकेक पायरी ते प्रतिपक्षाला न्याय देत चढतात, आणि मग खंडन करतात. ‘सुखवाद’ हा शब्द विरोधकाच्या हातातही शिवी झाला नाही, म्हणूनच तो परिभाषेला योग्य आहे. ‘भोगवाद’ उच्चारताच निकाल लागून जातो. एपिक्युरसला ‘भोगवादी’ म्हणणारं भाषांतर भाकरी-पाण्यावर राहणाऱ्या माणसाला जाहीरपणे चुकीचं ठरवतं.

‘सुखवाद’ची एक अडचण आहे आणि ती लपवू नये. मराठी ‘सुख’ फार ऐसपैस आहे: क्षणाची संवेदना, आयुष्याचं समाधान, घरातली सोय, सगळ्याला सुखच. ग्रीकमध्ये ‘हेडोने’ वेगळा आणि अॅरिस्टॉटलचा ‘युडायमोनिया’ वेगळा. हा दुसरा म्हणजे आयुष्य चांगलं पार पडणं. ती भावना नव्हे. दोन्हींना ‘सुख’ म्हटलं की अॅरिस्टॉटल सुखवादी ठरतो, आणि तो नव्हता. युडायमोनियासाठी ‘जीवनसाफल्य’ किंवा ‘कल्याण’ वापरावं. आणि सुखवादातलं ‘सुख’ ‘तर्कसंग्रह’ या न्यायदर्शनाच्या प्रवेशग्रंथातल्या अर्थाने घ्यावं: जे अनुकूल म्हणून जाणवतं ते सुख, प्रतिकूल म्हणून जाणवतं ते दुःख. लेखात पहिल्यांदा शब्द येईल तिथे ही व्याख्या एका वाक्यात दिली की पुढचा गोंधळ टळतो. कठोपनिषदातला ‘प्रेय’ (जे प्रिय वाटतं ते) हाही जवळचा आहे, पण तो ‘श्रेय’च्या (जे खरोखर हिताचं त्याच्या) विरुद्ध बांधलेला असल्यामुळे हेडोनेसाठी वापरला तर वाद सुरू होण्याआधीच एक बाजू हरते.

‘हेडॉनिक’ या विशेषणाला मात्र ‘सुखवादी’ म्हणू नये. तिथे ‘वाद’ नसतोच, फक्त सुखाशी किंवा आवडीशी संबंध असतो. खाद्यतंत्रज्ञानात पदार्थ चाखून गुण देण्याची नऊ पायऱ्यांची ‘हेडॉनिक स्केल’ असते. ती अमेरिकेत १९५० च्या दशकात सैन्याच्या अन्नासाठी तयार झाली. तिला ‘आवडीची नऊ गुणांची श्रेणी’ म्हणावं. नऊ म्हणजे अतिशय आवडलं, एक म्हणजे अतिशय नावडलं, पाच म्हणजे आवडलंही नाही नि नावडलंही नाही. मराठी तक्ता करताना पाचच्या जागी ‘ठीक’ लिहू नये. आपल्याकडे ‘ठीक आहे’ हा भिडस्त नकार असतो, आणि ज्याला पदार्थ आवडला नाही तोही तिथे खूण करतो. मधला आकडा फुगतो. वरच्या दोन पायऱ्यांना ‘खूप’ आणि ‘अतिशय’ म्हटलं तर चाखणाऱ्याला आधी तक्ता वाचून दाखवावा, कारण बोलण्यात हे दोन शब्द एकाच वजनाचे आहेत. अर्थशास्त्रातलं ‘हेडॉनिक प्राइसिंग’ म्हणजे घराची किंमत खोल्या, मजला, स्टेशनपासूनचं अंतर अशा गुणांमध्ये वाटून पाहणं. तिथे ‘गुणनिहाय किंमत’ पुरतं, सुखाचं नाव घ्यायची गरज नाही. ‘हेडॉनिक ट्रेडमिल’ ही १९७१ मधली मानसशास्त्रातली कल्पना: पगार वाढला, घर मोठं झालं, तरी सुखाची पातळी काही काळाने पूर्वीच्याच जागी येते. याला ‘रहाटगाडगं’ म्हणण्याचा मोह होतो, पण रहाटात पोहरे भरतात आणि रिकामे होतात, तो चढउताराचा दाखला. चालूनही जागच्या जागी राहणं दाखवायचं तर ‘सुखाचा घाणा’ अधिक नेमका.

आणि ‘अॅनहेडोनिया’. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो याने १८९६ मध्ये घडवलेला शब्द: ‘अन्’ हा नकार, आपल्या ‘अनादर’मधला तोच, आणि पुढे हेडोने. पूर्वी सुख देणाऱ्या गोष्टींतून सुख न मिळणं. नैराश्याच्या निदानात खिन्न मनःस्थिती आणि हे लक्षण या दोहोंपैकी किमान एक, दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ असावं लागतं. कोशात ‘सुखानुभवाभाव’ असा शब्द घालता येईल, पण रुग्णाला विचारायच्या प्रश्नावलीत तो घातला तर उत्तर मिळणार नाही. ‘तुम्हाला सुख मिळतं का?’ असं विचारलं तर माणूस घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून ‘सगळं सुख आहे’ म्हणतो. प्रश्न असा असावा: ‘पूर्वी ज्यांची गोडी वाटायची, त्या गोष्टींची आता गोडी वाटते का?’